आठवड्याच्या गोळ्यांचा डबा, २८ कप्पे: घरात बायपोलरचा पेशंट असेल तर घ्यावा का?

वस्तू साधी आहे. प्लास्टिकचा ट्रे, त्यात सात सुट्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीला चार कप्पे आणि कप्प्यांवर पारदर्शक झाकणं. एका वाराची एक पट्टी, तीत सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. फोंड्याच्या बाजारातल्या एका फार्मसीतून अडीचशेच्या आसपास घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण डब्यावर ते कुठे नाहीच. ऑनलाइन असल्या डब्यांखाली जे अभिप्राय असतात ते बहुतेक ‘बाबांच्या बीपीच्या गोळ्यांना उत्तम’ या छापाचे. आमच्याकडे हा डबा माझ्या धाकट्या दिरांसाठी आहे आणि त्यांना बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति चढतं तर कधी पार उतरतं असा मानसिक आजार. बाबांच्या बीपीला जे पुरतं ते इथे पुरत नाही, म्हणून हा अभिप्राय जरा लांबणार.

आम्ही म्हार्दोळचे. नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, मी फोंड्याला एका पतसंस्थेत, सासूबाई घरी, मुलगी चौथीत. भावोजी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतात. आजार कॉलेजात असताना सुरू झाला. चढला की रात्री दोनला उठून घराला रंग काढायला घेतात आणि उतरला की अंघोळीलाही उठत नाहीत, एवढं सांगितलं की पुरे. गोळ्या तीन तऱ्हेच्या आहेत. लिथियम सकाळी आणि रात्री, व्हॅल्प्रोएट रात्री, क्वेटियापिन रात्री. म्हणजे २८पैकी १४ कप्पे आम्हाला फुकट जातात. दोन वेळांचा, १४ कप्प्यांचा डबाही मिळतो. तो दुकानात असेल तर तोच मागा. कप्पे मोठे असतात, आणि मोठे का हवेत ते पुढे सांगते.

डब्याच्या आधी सगळ्या स्ट्रिपा रबर लावून बिस्किटांच्या एका जुन्या टिनमध्ये असायच्या. आणि रोज रात्री एक प्रश्न असायचा. नऊ वाजता सासूबाई विचारायच्या, ‘गुळयो घेतल्यो मरे?’ सव्वानऊला तेच नवऱ्याने न्हाणीघरातून ओरडून विचारायचं. मी तोंडाने विचारत नसे, पण टिन उचलून स्ट्रिपा मोजायची, आणि ते काही वेगळं नव्हतं. उत्तर कायम ‘हां’. घेतली तरी हां, नाही घेतली तरी हां.

प्रश्न रात्रीपुरता राहिला असता तरी चाललं असतं. भावोजी फोनवर जोरात हसले की सासूबाई दारात येऊन उभ्या. गप्प बसले तरी उभ्या. एकदा भावोजींनी बाजारातून आणलेलं नुस्तं (मासे) शिळं आहे म्हटलं. ते शिळंच होतं, मी स्वतः हुंगलं होतं. पण बोलण्यात धार होती म्हणून नवऱ्याने पहिलं वाक्य काढलं ते ‘आज गोळी चुकलीय का तुझी?’ घरात एखाद्याला असा आजार असला की त्याच्या रागाला, हसण्याला, भूक नसण्यालाही एकच कारण उरतं. बाकी माणसं चिडतात ती चिडली म्हणून चिडतात. हा चिडला की डॉक्टरला फोन.

त्याही आधीचा एक काळ आहे, सासूबाईंच्या परवानगीने लिहिते. भावोजींनी गोळ्या साफ नाकारल्या होत्या तेव्हा सासूबाई गोळ्या कुटून आमटीत घालायच्या. घाडी (भूतबाधा उतरवणारा) झाला होता, देवळात प्रसाद लावून, म्हणजे देवाचा कौल मागून, झाला होता, बाईचा जीव टांगणीला होता. मी त्यांना दोष देत नाही. पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. बराच वेळ काम करणाऱ्या गोळ्या, म्हणजे नावापुढे एसआर किंवा सीआर असं असतं त्या, कुटायच्या नसतात. त्या पोटात हळूहळू सुटाव्यात म्हणून तशा बनवलेल्या असतात. कुटल्या की तासन्‌तासांचं औषध एकदम अंगात जातं. दुसरी गोष्ट म्हणजे हे लपत नाही. भावोजींना चवीवरून कळलं आणि ते घरचं जेवायचे बंद झाले. रोज रात्री गाड्यावर रस-ऑम्लेट खाऊन यायचे. आईच्या हातचं ताट समोर आलं की आधी माझ्या मुलीच्या ताटाशी अदलाबदल करून बघायचे. ती तेव्हा लहान होती, तिला तो खेळ वाटायचा.

डबा घ्या असं सुचवलं ते रुग्णालयातल्या समाजसेविकेने. कुटुंबीयांना एकत्र बसवून बोलतात तशी बैठक होती. (जाता जाता: गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आणि मनोरुग्णालय दोन्ही बांबोळीला, हे आमच्यासारख्यांवर मोठे उपकार आहेत. ‘बांबोळीला जाऊन आलो’ म्हटलं की शेजारी आपोआप गुडघे किंवा मूतखडा समजतात.) बाईंनी आम्हाला १९५०च्या दशकातली लंडनची एक गोष्ट सांगितली. जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या पुरुषांचा मागोवा घेतला. जे आईवडिलांकडे किंवा बायकोकडे राहायला गेले ते, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा आजारी पडून परत आले. ऐकून सासूबाईंचा चेहरा पडला. बाईंनी लगेच सांगितलं की आईमुळे आजार होतो असा याचा अर्थ नाही, आणि तसं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. पुढच्या अभ्यासांत दिसलं ते असं: टोचून बोलणं, राग-राग करणं, आणि जीव गुदमरेल इतकी काळजी करणं, या गोष्टी घरात जास्त असतील तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. सुरुवातीचे अभ्यास स्किझोफ्रेनियाचे होते, पण बायपोलरमध्येही हेच आढळलं. १९८०च्या दशकात चंडीगडला असाच अभ्यास झाला तेव्हा टोचून बोलणारे नातेवाईक लंडनपेक्षा बरेच कमी निघाले, हेही त्यांनी सांगितलं, बहुधा आम्हाला धीर यावा म्हणून. माझ्या मनात आलं, चंडीगडच्या लोकांनी आमच्या घरी रात्री नऊला यावं.

मग त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडे गोळीबद्दल दिवसातून किती वेळा बोलणं होतं?’ कुणीच उत्तर दिलं नाही. भावोजी म्हणाले, ‘दुसरं बोलणंच होत नाही.’

डब्याबद्दल माझं मत शेवटी यावर ठरलं आहे. लोक तो गोळी विसरू नये म्हणून घेतात. भावोजी गोळी विसरत नव्हतेच. कधी मुद्दाम टाळायचे, कधी घ्यायचे, आणि दोन्ही वेळा त्यांची उलटतपासणी सारखीच व्हायची. आठवण करायला मोबाइलचा गजर आहे, तो फुकट आहे. अडीचशे रुपये मोजायचे ते झाकण पारदर्शक आहे याचे. डबा जेवणाच्या खोलीतल्या फडताळावर असतो. सासूबाई पाणी प्यायला उठतात, जाता जाता नजर टाकतात, बुधवारचा रात्रीचा कप्पा रिकामा दिसतो, त्या पाणी पिऊन झोपतात. बस. तोंडातून शब्द नाही. रंगीत, आतलं न दिसणाऱ्या झाकणाचे डबे दिसायला छान असतात, पण ते घेऊ नका. त्यात बघायला झाकण उघडावं लागतं आणि दुसऱ्याचं झाकण उघडणं म्हणजे झडतीच.

पारदर्शकपणाचा तोटाही आहे. आल्यागेल्यालाही दिसतं. शिवाय काही औषधांना उजेड चालत नाही, म्हणून खिडकीत ठेवायचा नाही, आणि आमच्या घरांत उजेडाची जागा म्हणजे नेमकी खिडकी. फार्मसीवाल्याला एकदा विचारून घ्या.

अर्थात नुसता डबा आणून काही होत नाही, आमच्याकडेही झालं नाही. सुरुवातीला तो सासूबाई भरायच्या. मग काही दिवसांनी जाईच्या वेलाखाली माती खुरपताना गोळ्या सापडल्या, पावसाने अर्ध्या विरघळलेल्या. कप्पा रिकामा म्हणजे गोळी पोटात गेली असं नव्हे. कप्पा रिकामा आहे एवढंच त्यावरून कळतं. या वस्तूची ही मोठी मर्यादा आहे आणि कुठल्याही महागड्या डब्यात ती जाणार नाही. ज्याला गोळी घ्यायची नाही त्याच्यापुढे डबा काही करू शकत नाही. तिथे डॉक्टरशी बोलायला हवं की ही गोळी का नकोशी वाटते. भावोजींचं कारण शेवटी निघालं ते हाताच्या कापऱ्याचं. लिथियमने हात बारीक कापतात आणि मोबाइलचा स्क्रू बसवताना कापणारा हात म्हणजे रोजगारावरच गदा. हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं, कारण घरात फक्त ‘घेतली का?’ विचारायचे. ‘घेतल्यावर काय होतं?’ हे कुणी विचारत नव्हतं. डॉक्टरांनी मात्रा बदलून पाहिली. कापरा पूर्ण गेला नाही, पण स्क्रू बसतो.

त्यानंतर डबा भावोजी स्वतः भरू लागले, रविवारी संध्याकाळी. नवरा शेजारी बसतो, हात लावत नाही, क्रिकेट बघतो. ठरलं ते असं: रात्री कुणी विचारायचं नाही. सकाळी आदल्या रात्रीचा कप्पा भरलेला दिसला तर फक्त दादाने बोलायचं, एकदाच. आईने नाही, वहिनीने नाही. दादाच का, तर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत साथ देणारा आपला माणूस, स्वतः निवडता येतो. साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालतं. तब्येत ठीक असताना भावोजींनी दादाचं नाव लिहिलं. सासूबाईंना वाईट वाटलं. दोन दिवस त्या कागदाचा विषय निघाला की भांडी जोरात आपटली जायची. मला मात्र त्या कागदाने मोकळं केलं. वहिनी म्हणून जे माझ्यावर न सांगता येऊन पडलं होतं ते एका ओळीत उतरलं.

आणि चुकलेली गोळी दुसऱ्या वेळी दुप्पट करून घ्यायची नाही. लिथियमच्या बाबतीत तर नाहीच. भरलेला कप्पा तसाच ठेवायचा आणि डॉक्टरला विचारायचं. भरलेला कप्पा हाही पुरावाच असतो. ‘मंगळवारची राहिली’ असं नेमकं सांगता येतं, पूर्वी ‘मध्ये एक-दोनदा राहिली असेल’ असं मोघम चालायचं.

रक्ताच्या तपासणीच्या दिवशी डब्याचा चांगला उपयोग होतो. लिथियमची पातळी शेवटच्या डोसानंतर साधारण १२ तासांनी बघतात, म्हणून सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यायची असते. आम्ही त्या कप्प्यावर आदल्या रात्री चिकटपट्टी मारतो. सवयीने उघडायला गेलं की बोट अडतं. ज्यांच्या घरी लिथियम आहे त्यांना माहीत असेल, तरी लिहिते. उपयोगाची पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडं असतं. उलट्या-जुलाब, ताप, मे महिन्यातला घाम, पाणी कमी पिणं, कुणीतरी सांगितलं म्हणून अचानक मीठ तोडणं, कडक उपवास, एवढ्यानेही पातळी चढू शकते. अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आपल्या मनाने घ्यायचं नाही. हात जाड कापायला लागले, तोल जायला लागला, जीभ जड झाली, तर पुढचा कप्पा न उघडता थेट इस्पितळ. गोव्यात तर अशा माणसाला बघून लोक ‘टाकून आलाय’ म्हणतात आणि रस्त्याच्या कडेला बसवून जातात. डब्यात या कशाचाच इशारा नाही. झाकणाखाली गोळी दिसली म्हणून ती घेतलीच पाहिजे असं डबा जणू सांगतो, आणि लिथियमच्या घरात ते नेहमी खरं नसतं.

आता पावसाळा. या एका कारणासाठी मी एक तारा कापते. सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतला ओलावा शोषतं. स्ट्रिपमधून काढून डब्यात टाकलेली गोळी आमच्या जुलैमध्ये टिकत नाही. भिंतीला हात लावला तर हात ओला होतो अशी हवा, पापड तळेपर्यंत मऊ पडतात. सोमवारच्या गोळ्या ठीक निघाल्या, शनिवारची कप्प्याच्या तळाला चिकटलेली, वरचं आवरण सुटून बोटाला लागणारी. डब्याच्या खोक्यावर ‘ओलाव्यापासून सुरक्षित’ असं काहीतरी छापलेलं होतं. ते कोरड्या मुलखातल्या लोकांसाठी असावं. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्यांचंही तसंच, त्या घ्यायच्या क्षणीच स्ट्रिपमधून काढायच्या.

उपाय असा केला की व्हॅल्प्रोएटची स्ट्रिप कात्रीने एकेका गोळीभोवती कापायची आणि गोळी पाकिटासकट कप्प्यात ठेवायची. कापताना पाकिटाचं सील सुटू द्यायचं नाही, कडेला जागा सोडायची. मग तो चौकोन या कप्प्यात मावत नाही, कोपरे आडवे येतात आणि झाकण लागत नाही. कोपरे गोल कापावे लागतात. रविवार संध्याकाळचा निम्मा वेळ त्यात जातो. म्हणून म्हटलं, मोठ्या कप्प्यांचा घ्या. दुकानात जाताना असा एक कापलेला तुकडा खिशात घेऊन जा आणि तिथेच बसवून बघा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे. नजर अधू असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या डब्यात मात्र हे करू नका. पाकिटासकट गिळलं तर त्या कडा घशात, अन्ननलिकेत कापतात. ओलावा शोषणारी पुडी कप्प्यात टाकायचा सल्लाही कुणी देईल. आमच्याकडे लहान मूल आहे आणि गोळ्यांच्या डब्यात गोळी नसलेलं काहीही मला नको.

दुसरी अडचण ओळखण्याची. स्ट्रिपबाहेर आल्या की पांढऱ्या गोल गोळ्या सगळ्या भावंडांसारख्या. सरकारी दवाखान्यातून मिळालेली वेगळ्या कंपनीची, बाहेरून घेतलेली वेगळी, कधी रंगही वेगळा. आजार जोरात असताना रंग बदलला तर ‘हे काय घालताय मला?’ असा संशय येतो, आणि आमटीच्या इतिहासानंतर तो येणारच. त्यामुळे डब्याच्या तळाला आम्ही कागद चिकटवला आहे. औषधाचं नाव, ताकद, वेळ आणि लिहिल्याची तारीख. प्रिस्क्रिप्शन बदललं की कागद बदलतो. एकदा तापाने भावोजींना रात्री इस्पितळात न्यावं लागलं तेव्हा ट्रे उलटा करून डॉक्टरसमोर धरला, कुणाला काही आठवत बसावं लागलं नाही.

झाकणं जरुरीपेक्षा घट्ट आहेत. कापऱ्या हाताने उघडताना पट्टीच्या चारही कप्प्यांवर जोर येतो आणि शेजारचा कप्पा उघडून गोळ्या उडतात. भावोजी आता चमच्याच्या दांड्याने उघडतात. उघडताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि आमचं घर जुनं, वरून भिंती उघड्या, त्यामुळे तो सगळ्या खोल्यांत ऐकू जातो. मला वाटलं होतं की त्यांना या आवाजाचा राग येईल. त्यांचं म्हणणं निराळं: ‘वहिनी, एक टक् झाली की चार माणसं गप्प. चांगलंच आहे ना.’

सुटी पट्टी खिशात घेऊन जाता येते, ही सोय चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कळली. मूळ घरी सगळे भाऊबंद जमतात, माटोळी, आरत्या, मध्यरात्र उलटेपर्यंत भजन. बायपोलरच्या माणसाला जागरण वाईट. झोप मोडली की चढ सुरू होऊ शकतो, हे आम्ही सोसून शिकलो आहोत. पूर्वी चवथीला टिन बॅगेच्या तळाशी आणि भावोजी पखवाजापाशी पहाटेपर्यंत. आता खिशात पट्टी असते, दहाला गोळी घेऊन साडेदहाला ते माडीवर. गेल्या खेपेला पट्टी खिशातच उघडली आणि आरतीच्या गर्दीत गोळ्या जमिनीवर. एका चुलत सासऱ्यांनी उचलून दिल्या. ‘कसल्या रे?’ भावोजी म्हणाले, ‘बीपीच्या.’ त्यावर त्यांनी स्वतःचा डबा काढला, जुना निळा, सात कप्प्यांचा, आणि अर्धा तास समजावलं की बीपीला इतक्या गोळ्या देणारा डॉक्टर लबाड आहे, उद्या माझ्या डॉक्टरकडे चल. भावोजींची साडेदहाची झोप त्यात गेली. तेव्हा खिशात ठेवायची असेल तर पट्टीला रबर लावा.

एक माणूस, एक डबा. हा नियम मोडू नका. रिकामे १४ कप्पे बघून सासूबाईंना त्यात आपल्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या ठेवाव्या असं फार वाटायचं, प्लास्टिक वाया जातं म्हणून. बीपीची काही औषधं लिथियमची पातळी चढवतात, त्यामुळे घोटाळ्याला जागाच नको. त्यांना दुसऱ्या रंगाच्या ट्रेचा वेगळा डबा आणला. त्यावरची अक्षरं इंग्रजी, म्हणून मुलीने सूर्य-चंद्राचे स्टिकर लावून दिले. आता दोन डबे शेजारी असतात, आणि गंमत म्हणजे गोळ्या चुकवण्यात सासूबाई भावोजींच्या पुढे आहेत. सकाळी चहा घेता घेता भावोजी सांगतात, ‘आई, तुजी कालची गुळी अशीच आसा.’ त्या म्हणतात, ‘घेता रे, पाठीक लागूं नाका.’ एकदाच सांगायचं हा नियम भावोजी स्वतः मुळीच पाळत नाहीत. सासूबाईंना आता कळतं की ते ऐकायला कसं लागतं, असं मला वाटतं. त्या तसं म्हणत नाहीत.

कुणी घेऊ नये? आजार जोरात असताना, माणसाला स्वतःचं काही भान नसताना, हा डबा त्याच्या हाती देऊन सुटका होत नाही. तेव्हा घरच्यांनीच हातात गोळी द्यायची की दवाखान्यात न्यायचं हे डॉक्टर सांगतील. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार ज्याच्या बोलण्यात येतो त्याच्या खोलीत आठवड्याच्या गोळ्या उघड्यावर नकोत. लिथियमच्या जास्त गोळ्या जिवावर बेततात. तिथे एका दिवसाची पट्टी बाहेर, ट्रे कुलपात, आणि महिन्याचा साठा तर घरात कुठे आहे हेही एकालाच ठाऊक. आमच्याकडे काही महिने असंच होतं. कुलूप लावताना ते भावोजींना सांगून लावलं. अशा रात्री कुणाशी बोलावं हे सुचत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मोफत. ती घरच्यांसाठीही आहे, फक्त पेशंटसाठी नाही. आणि झोपेची ‘लागली तरच’ घ्यायची गोळी डब्यात कधीच ठेवू नका. कप्प्यात ठेवली की ती रोजची होते.

हा मजकूर भावोजींना वाचायला दिला. त्यांनी दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. आमटीचं राहू द्या म्हणाले. तारे मी साडेतीन देत होते, त्यांनी तीन करायला सांगितले. त्यांच्या मते दुरुस्ती न होणारी वस्तू कितीही चांगली असली तरी तिला साडेतीन द्यायचे नाहीत. शनिवारच्या पट्टीच्या झाकणाची बिजागरी तुटली आहे. सुटी पट्टी मिळत नाही, पूर्ण डबाच घ्यावा लागतो. सध्या ते झाकण त्यांनी मोबाइलच्या टफन ग्लासच्या चिकटपट्टीने बसवलं आहे आणि ते मूळच्यापेक्षा सहज उघडतं.